मदत हवी आहे: 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मधला कॅप्टन सेरीला 'तू' म्हणतो की 'तुम्ही'?

आईसोबत ही कोरियन मालिका बघतेय. १६ भाग आहेत, आम्ही चौथ्यापर्यंत आलोय. तिला इंग्रजी सबटायटल्स झरझर वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगते. अडतं ते इथेच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', आणि मराठीत तर तू की तुम्ही हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही.

कोरियनमध्ये वाक्याच्या शेवटी 'यो' आलं की आदर, ते गाळलं की जवळीक किंवा बरोबरी, एवढं कळलंय. सेरी, म्हणजे दक्षिण कोरियाची नायिका, कॅप्टनशी बहुतेक 'यो' लावूनच बोलते. पण तो उत्तर कोरियाचा, त्याच्या वाक्यांच्या शेवटी 'ओ', 'सो' ऐकू येतं. चौथ्या भागाच्या शेवटी बाजारातल्या गर्दीत तो सुगंधी मेणबत्ती उंच धरून उभा असतो (आधी साधीच आणली होती ना!), तिथेही शेवटचा शब्द 'मात्सो' असा येतो. किती सुंदर प्रसंग आहे तो! मी तिथे 'तू' वापरलं आणि आई म्हणाली, "एवढ्यात अरेतुरे?"

शब्दकोश पाहिला, त्यात अर्थ मिळतो, सूर नाही. हिंदी डब नको, मूळ आवाजातच बघायचंय. आणि कृपया पुढची कथा सांगू नका.

कोरियन शिकलेल्यांनी सांगा: हे 'ओ/सो' कोरियन कानाला आपल्या 'तुम्ही'सारखं लागतं, की त्यात थोडा अधिकाराचा, जुन्या वळणाचा सूर असतो? आणि पुढे त्यांच्या बोलण्यात बदल झाला, तर तो कशावरून ओळखायचा?