सरपंचाच्या निवडणुकीत पसंतीक्रम आणला तर?

देवगडकर: कोकण पदवीधर मतदारसंघात आपण जांभळ्या स्केचपेनने १, २, ३ लिहितो. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच नसली तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजतात. थेट सरपंचपदाला हे का नको? आज चौघे उभे राहिले की तीस टक्क्यांत गुलाल. आपली वाडी, आपली भावकी आणि गाडी भरून आणलेले चाकरमानी सांभाळले की झालं. दुसरी पसंती लागणार असेल तर पलीकडच्या वाडीत जाऊन "पहिलं मत तुमच्या माणसाला द्या, दुसरं मला" म्हणावं लागेल. मग आदल्या रात्री त्याच वाडीला शिव्या घालून कसं चालेल? वरतीही हेच आहे: २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतं, जागा २८२. १९८४ ला काँग्रेसला निम्म्याच्या आत मतं, जागा चारशेच्या वर.

मास्तर, चिपळूण: त्या मोजणीच्या टेबलावर बसलोय. पदवीधर माणसं बरोबरची खूण करतात, अक्षरात 'एक' लिहितात, वर सहीसुद्धा ठोकतात. मत बाद! गावात काय होईल?

वेंगुर्लेकरीण: फिजीने १९९९ ला हेच केलं. मूळ फिजीयन आणि भारतीय वंशाचे एकमेकांकडे मतं मागतील, ही आशा. भारतीय वंशाचे महेंद्र चौधरी पंतप्रधान झाले आणि वर्षभरात बंडखोर जॉर्ज स्पाइटने त्यांना संसदेतच ओलीस धरलं.

देवगडकर: तिथे एकच खूण करून सगळा क्रम पक्षावर सोडता यायचा. बहुतेकांनी सोडला, सौदे पक्षांनी केले. ती सोय ठेवूच नये. ऑस्ट्रेलियात १९१८ पासून पसंतीक्रम आहे.

डोंबिवलीचो मालवणी: ग्रामपंचायतीक पक्षाचा चिन्ह नाय, तरी निकालादिवशी दोन-दोन पक्ष एकाच सरपंचाक आपलो म्हणतत. मता कशीय मोजा, फुटतले ते फुटतलेच. पक्षांतरबंदी १९८५ पासून हा. २०२२ बघितलास ना?

राजापूरवाली: माझी अडचण वेगळी आहे. सगळ्यांची दुसरी पसंती हवी असलेला माणूस कशावरच बोलणार नाही. एप्रिल २०२३ ला बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठीचं माती परीक्षण रोखायला बायका उन्हात बसल्या होत्या. रिफायनरी हवी की नको, यात मधला मार्ग कुठला? अर्धी रिफायनरी?

देवगडकर: आज तरी तोंडावर कोण सांगतं? मतांच्या गरजेपोटी का होईना, तो सड्यावर येईल.

राजापूरवाली: येईल. समर्थकांच्या सभेलाही जाईल, दोन्हीकडचा चहा पिऊन. त्याच्यापुढचा रकाना मी कोराच ठेवणार. चालतं ना तुमच्या पद्धतीत?

देवगडकर: चालतं. कुठेतरी १ मात्र लिहावाच लागतो.