काकांचे १३ हजार पौंड विमानतळावर अडकले

मेघा_वाई:
काका लंडनजवळच्या स्लाऊला असतात. वाईच्या घराचा स्लॅब टाकायचा म्हणून १३ हजार पौंड रोख घेऊन निघाले, रबरबँड लावून, स्वेटरच्या घडीत. लंडनच्या विमानतळावर नोटा मोजून ठेवून घेतल्या, हातात एक कागद दिला. आता मॅजिस्ट्रेट कोर्टाचं पत्र आलंय. पैसे भिशीचे आहेत हो! अटक नाही, गुन्हा नाही. काका म्हणतात, "मी काय चोर आहे? कोर्टाची पायरी चढणार नाही." पैसे आपोआप मिळतील ना?

दुभाष्या_तात्या:
नाही मिळणार. आधी ती पायरी चढायला लावा. मी इंग्लंडच्या कोर्टांत मराठीचा दुभाष्या आहे, या हट्टापायी पैसे घालवलेले लोक पाहिलेत.

२००२च्या 'प्रोसीड्स ऑफ क्राइम ॲक्ट'खाली (गुन्ह्यातून आलेल्या पैशांबद्दलचा ब्रिटिश कायदा) गुन्हा सिद्ध व्हावाच लागत नाही. किमान हजार पौंडांची रोकड आणि संशयाला आधार, एवढं पुरतं. ४८ तासांपुढे ठेवायला कोर्टाची ऑर्डर लागते. ती एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, एकूण दोन वर्षं. मग पैसे कायमचे घेण्याचा अर्ज. गैरमार्गाचे असण्याचीच शक्यता जास्त, असं मॅजिस्ट्रेटना पटलं की संपलं. काका गैरहजर असतील तर त्यांची बाजू मांडणार कोण? विरुद्ध निकाल लागला तर अपिलाला ३० दिवस.

रोकड नेतोय असं कस्टम्सला डिक्लरेशन केलं होतं का? दहा हजार पौंडांपासून लागतं.

मेघा_वाई:
नाही. केलं असतं तर सुटले असते?

दुभाष्या_तात्या:
तसंही नाही. डिक्लेअर केलेली रक्कमही संशयावरून धरतात. न केल्याचा दंड वेगळा, पाच हजारांपर्यंत. मुद्दा पैसे आले कुठून हा. भिशीची वही शोधा. आणि घाबरून "दुकानाच्या गल्ल्यातले" वगैरे सांगू नका; टॅक्समध्ये दाखवले नसतील तर आगीतून फुफाट्यात.

परदेशी_पुणेकर:
बँकेतून पाठवायला काय झालं होतं? भारतात उतरतानाही पाच हजार डॉलरच्या वर नोटा असल्या की फॉर्म भरावा लागतो. वकील घ्या, पण फी परत मिळेल असं धरू नका. जप्ती करणारे रास्त वागले असतील तर जिंकूनही खर्च सहसा मिळत नाही, २०१०चा कोर्ट ऑफ अपीलचा निकाल आहे.

मेघा_वाई:
वही सापडली! पण नावं 'बंड्या', 'जाडी वहिनी' अशी आहेत 🙈

दुभाष्या_तात्या:
असू देत. वहिनींचं पासपोर्टवरचं नाव, तारीख, रक्कम घालून जबाब लिहून घ्या, त्यांचं बँक स्टेटमेंट जोडा. उलटतपासणीला यावं लागेल, हेही आत्ताच सांगून ठेवा.