भाच्याला फोन न देता हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं गेमयंत्र) दिलं. चुकलो का?

डिचोलीकर
भाचा आठवीत आहे. गेल्या चवथीला घरात विषय निघाला की त्याला आता बरा फोन द्यावा, अभ्यासालाही होईल. मी मध्ये पडलो आणि 14 हजारांना निन्टेन्डो कंपनीचं वापरलेलं स्विच लाइट हे हँडहेल्ड घेऊन दिलं. भावोजी अजून म्हणतात, पैसे पाण्यात घातलेस. मला तसं वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ज्या यंत्रावर फक्त खेळता येतं, त्यावरचं खेळणं संपतं. फोनवर ते संपत नाही. मॅच झाली की रील, रील झाली की व्हॉट्सॲप, मग परत मॅच.

मे महिन्यात मांडवी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. समोरच्या बाकावर भाच्याच्याच वयाचा मुलगा फोनवर बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार, नेटवर खेळायचा) खेळत होता. रत्नागिरीनंतर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. गाडी आत शिरली, रेंज गेली, त्याची मॅच तुटली. बिचारा फोन खिडकीला लावून बसला. भाचा शेजारी खेळतच होता, बोगदा आला कधी आणि गेला कधी त्याला पत्ता नाही. चिपळूणला वडापाव घेतला तेव्हा याने वरचं बटण दाबलं, स्क्रीन काळा. खाऊन, हात धुऊन परत दाबलं तर गेममधला गडी जिथे उडी मारताना थांबला होता तिथेच, हवेत. तिथूनच खेळ पुढे सुरू.

तुम्ही काय केलं असतं?

वास्कोवाला
मी फोन दिला असता, आणि विचार करून दिला असता.

दादा, 14 हजारांत आज चांगला फोन येतो. त्यावर गेम आहे, युपीआय आहे, शाळेचा ग्रुप आहे, रात्री क्लासहून परतताना घरी कॉल आहे. हँडहेल्डवर गेम सोडून यातलं एकही नाही, म्हणजे फोन आज ना उद्या घ्यावाच लागणार. खर्च दोनदा.

दुसरं म्हणजे दोस्त. आमच्या वाड्यावरची सगळी पोरं फोनवर खेळतात, चौघांचं स्क्वॉड करून. त्यांच्यात एकट्याकडे वेगळं यंत्र असलं तर तो कोणाबरोबर खेळणार? मी 2021 पासून मोबाईलवर खेळतो. माझे अर्धे मित्र त्यातूनच जोडले गेले आहेत, काही काणकोणचे, काही थेट सावंतवाडीचे.

आणि बाजाराने निकाल दिलेला आहे. सोनीचं वीटा हे हँडहेल्ड 2019 ला बंद झालं. त्या आकाराचं स्वतःच्या बळावर गेम चालवणारं यंत्र सोनीने नंतर काढलंच नाही. खिशातली जागा फोनने घेतली.

डिचोलीकर
वीटाचं खरं. पण निकाल एकतर्फी नाही. 2017 ला आलेलं स्विच 15 कोटींच्या वर खपलं, आणि ते काही फोन नसलेल्या लोकांनी घेतलेलं नाही.

फोन आणि कन्सोल एकत्र करायचा प्रयत्नही होऊन गेला. 2003 चा नोकियाचा एन-गेज आठवतो का? गेमचं कार्ड बदलायला मागची बॅटरी काढावी लागायची, आणि बोलायचं तर फोन आडवा, कडेने कानाला लावायचा. दोन्ही कामं करायला गेला आणि दोन्हीकडे अडला.

तुम्ही 2021 म्हणालात, तर त्याआधीचं वर्षही आठवा. सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये तोही ॲप स्टोअरवरून गेला, 2023 च्या मे महिन्यात परतला. त्या मधल्या महिन्यांत पोरांच्या हातात काय राहिलं? सर्व्हरवरचा खेळ हा दुसऱ्याच्या नळाचं पाणी. माझ्या भाच्याचं कार्ट्रिज, म्हणजे गेमचं कार्ड, कपाटात आहे, ते कोणी बंद करू शकत नाही.

फोंड्याचा इंजिनिअर
कार्ट्रिजवर एवढा भरवसा नको. जून 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 ची काही कार्डं अशी आहेत की त्यांच्यावर गेमच नसतो, नुसती किल्ली असते. कार्ड घालायचं आणि गेम नेटवरून उतरवून घ्यायचा. उद्या तो सर्व्हर बंद पडला तर त्या कार्डाचं काय करायचं? स्टीम डेक या दुसऱ्या हँडहेल्डला तर कार्ट्रिजच नाही, सगळं डाउनलोड. नळ तुमच्याही घरी आलाय, दादा.

पण उष्णतेच्या बाबतीत मी हँडहेल्डच्याच बाजूने आहे, कारण ते साधं गणित आहे. फोनमध्ये 5000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॉट-तास. पहिल्या स्टीम डेकमध्ये 40. डेकची चिप 15 वॉटपर्यंत ओढते आणि ती उष्णता बाहेर टाकायला आत पंखा आहे. फोनला पंखा नाही, त्याची पाठ हाच त्याचा पंखा. म्हणून महागडा फोनसुद्धा पहिली दहा मिनिटं सुसाट पळतो आणि मग स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत तर लवकरच. आणि अंगठ्याला घाम आला की टचस्क्रीनवर काही खरं नाही. माझा चुलतभाऊ टॅल्कम पावडर लावून बसतो.

वास्कोवाला
पावडर मीही लावतो, कबूल. पण फोनला दोन्ही बाजूंनी अडकवायचा कंट्रोलर मिळतो, बटणांसकट. अंगठा स्क्रीनवर येतच नाही. तापण्याचा प्रश्न उरतो. ग्राफिक्स मध्यमवर ठेवा, तोही पुष्कळ कमी होतो.

पणजीचा रिपेअरवाला
मी सर्किट बोर्ड दुरुस्तीचं काम करतो, तेव्हा दुकानातलं सांगतो.

फोनचा डिस्प्ले फुटला तर बहुतेक मॉडेलचा मला त्याच दिवशी मिळतो. हँडहेल्डची स्टिक (अंगठ्याने फिरवायची दांडी) बिघडली तर पार्ट मागवावा लागतो आणि गिऱ्हाईक तीन-तीन आठवडे थांबतं. निन्टेन्डो आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही, स्टीम डेकही नाही. जे येतं ते बाहेरून, वॉरंटीची आशा न धरता घ्यायचं. एसुसचं रॉग अलाय हे हँडहेल्ड 2023 मध्ये भारतात रीतसर आलं, पण 69,990 रुपयांना. आठवीच्या पोराला तेवढं कोण देणार?

दुसरं, आपली हवा. जून ते सप्टेंबर मी ज्या पिना साफ करतो त्या हिरव्या झालेल्या असतात. फोन रोज वापरात असतो, गरम होतो, कोरडा राहतो. हँडहेल्ड परीक्षेच्या काळात दोन महिने कपाटात पडतं आणि तिथेच गंजतं. सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पंधरा दिवसांतून एकदा चार्ज करा. बंद पडलेली जेवढी यंत्रं माझ्याकडे येतात, त्यांतली बरीच न वापरून बिघडलेली असतात.

सांखळीची आई
यंत्रातलं मला फार कळत नाही, पण आमच्या घरात जे झालं ते लिहिते. मुलाला फुकटचा गेम म्हणून फोनवर घालून दिला. तीन महिन्यांनी खातं पाहिलं तर 49 आणि 99 रुपये करत साडेसहा हजार गेले होते. रंगीत पेट्या उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर. मुलगा रडून म्हणाला, “आई, मला वाटलं पुढच्या पेटीत नक्की मिळेल.” बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. त्यापेक्षा एकदाच पैसे भरून आणलेलं काहीही परवडलं.

वास्कोवाला
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. खरेदीला पासवर्ड लावता येतो, पण तो लावायचा हे आधी कोणी सांगत नाही.

डिचोलीकर
रिपेअरवाले दादा, सिलिका जेल आजच आणतो. आमचं यंत्र जुलैपासून ड्रॉवरमध्येच आहे.

किमतीचं आणि पार्टचं मान्य. किल्लीच्या कार्डांचंही मान्य, म्हणून मी पहिल्या स्विचचे, कार्डात पूर्ण गेम असलेलेच घेतो. पण महाग आणि ताकदीचं तेच चांगलं, असं हँडहेल्डच्या इतिहासात फार वेळा झालेलं नाही. 1989 चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर तासन् तास चालायचा, स्क्रीन हिरवट, रंग नाहीत. सेगाचा गेम गिअर रंगीत होता, पण सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. जिंकला गेम बॉय. तो घडवणारे गुनपेई योकोई म्हणायचे की जुनं, स्वस्त, पारखलेलं तंत्र नव्या कामाला लावा. माझं वापरलेलं लाइट त्याच वाटेवरचं आहे.

दोस्तांचा मुद्दा मात्र मला लागला. भाचा एकटा खेळतो हे खरं. त्याला दुसरं कार्ट्रिज घेताना दोघांनी मिळून खेळायचं घेईन.

सांखळीच्या ताई, रविवारी मी तिकडे देवळात येणार आहे. यंत्र बरोबर आणतो. मुलाला दोन तास हाताळू दे, मग काय ते ठरवा.