गणपती उठले की शिंका, आता छातीत शिट्टी. सोलापुरात कुणाला दाखवू?

जुळे_सोलापूरची
नमस्कार. वय ४१, आधी दमा कधीच नव्हता. गेली तीन वर्षं गणपती उठले की माझं नाक सुरू होतं. सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, डोळे लालभडक, टाळूला खाज. थंडी पडली की आपोआप थांबतं. यंदा मात्र खोकला छातीत उतरलाय. रात्री कुशीवर वळले की बारीक शिट्टी वाजते. परवा लेकीनं ती ऐकली आणि घाबरून दिवा लावला. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर कमरेएवढं काँग्रेस गवत, म्हणजे गाजरगवत, माजलंय. कान-नाक-घसावाल्यांकडे जाऊ की छातीच्या डॉक्टरांकडे?

कुमठा_नाका
ताई, शिट्टी वाजतेय म्हणजे आधी छातीचे डॉक्टर. मी नुसत्या सर्दीच्या गोळ्यांवर दोन वर्षं घालवली, तसं करू नका. नळीत जोरात फुंकायची तपासणी असते, स्पायरोमेट्री. एकदा तशीच आणि एकदा पंप घेऊन करतात. पंपानंतर आकडा बराच सुधारला तर दमा आहे असं धरतात. सिव्हिललाही छातीविकारांचा विभाग आहे, खासगी परवडत नसेल तर तिथे सकाळी लवकर जा.
नंतर हातावर ॲलर्जीची तपासणी करून घ्या. कोपराखाली वेगवेगळ्या परागकणांचे थेंब ठेवून हलकेच टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत माझ्या हातावर गाजरगवताच्या थेंबाखाली डास चावल्यासारखी गांधी उठली, काटेमाठाखाली जरा लहान. सर्दीच्या गोळ्या चालू असतील तर ती गांधी उठतच नाही, म्हणून आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. डॉक्टरांना विचारूनच करा.

लूमवर_२५_वर्षं
आमच्यात वेगळं असतं ओ. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळते, ते सुताच्या धुळीचं. तुमचा त्रास कधी सुरू होतो, कधी थांबतो, हे कॅलेंडरवर लिहून न्या. डॉक्टरांना त्यावरूनच निम्मं कळतं.

मेडिकल_दुकान
रोज काउंटरवर बघतो म्हणून कळकळीनं सांगतो. नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांच्या वर घालू नका. सवय लागते, मग थेंब थांबवले की नाक जास्तच चोंदतं. डॉक्टर स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे देतील. तो रोज मारायचा आणि पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून बाटली परत आणणारे खूप. मान थोडी खाली, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला. मधल्या पडद्यावर मारलं तर रक्त येतं.
आणि पंपाला घाबरू नका. 'एकदा लागला की सुटत नाही' हे ऐकून लोक तो घेत नाहीत आणि मध्यरात्री धापा टाकत दवाखाना गाठतात. औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून मात्राही गोळीपेक्षा खूप कमी लागते. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा, नाहीतर तोंड येतं. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसले तर वाट न बघता इमर्जन्सीत जा.

मोहोळचा_शेतकरी
हे गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं. आता बांधापासून रस्त्याच्या कडेपर्यंत सगळीकडे आहे. एका झाडाला हजारोंनी बिया. वरवर कापलं तर बुडातून परत फुटतं, म्हणून पावसानं माती मऊ असताना, फुलं यायच्या आत मुळासकट उपटायचं. उघड्या हातानं नको, कातडीला खाज सुटते. फुलावर आलेलं झटकू नका, अलगद पिशवीत भरा. रिकाम्या जागी टाकळ्याचं बी फेका, तो गाजरगवताला वर येऊ देत नाही.

जुळे_सोलापूरची
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दाखवून आले. दमाच निघाला, सुरुवातीचा. पंप आणि नाकाचा स्प्रे सुरू केलाय. रात्री शिट्टी अजून आहे, पण झोप लागली. कपडे आता घरात वाळत घालते, स्कूटीवर मास्क, आणि बाहेरून आलं की केसांसकट अंघोळ.
प्लॉटच्या मालकांशी बोलले, ते हो म्हणालेत. गल्लीतली सहाजणं रविवारी सकाळी उपटणार आहेत. डॉक्टरांनी मला तिथे उभं राहायलाही मना केलंय, म्हणून पोहे आणि चहा माझ्याकडे. हातमोजे चारच जोड जमलेत, जवळपास कुणाकडे आणखी असतील तर सांगा.