‘डेसिमेट’ म्हणजे नेमका किती नाश?

काना_मात्रा:
तेरा वर्षं मुद्रितशोधन करतोय, पण एका शब्दावरून एवढं ऐकून घ्यायची ही पहिलीच वेळ. टोळधाडीवरच्या एका इंग्रजी अहवालात ‘पिकं डेसिमेट झाली’ असं होतं. मी शब्द खोडला आणि समासात लिहिलं, ‘डेसिमेट म्हणजे दहातला एक मारणं. इथे तर शेतंच्या शेतं उघडी पडलीत.’ लेखिकाबाईंनी पान परत पाठवलं, खाली एकच ओळ: ‘मग डिसेंबरला तुम्ही दहावा महिना म्हणता का?’ लॅटिन मूळ मला पक्कं ठाऊक आहे (दोन्ही शब्दांत ‘डेसेम’, म्हणजे दहा). तरी मीच चुकलो?

लॅटिनवाला:
मूळ तुमचं बरोबरच आहे. पळपुट्या किंवा बंडखोर तुकडीला रोमन सैन्यात ही शिक्षा असे. दहा-दहा जणांत चिठ्ठ्या टाकायच्या, आणि ज्याची निघेल त्याला उरलेल्या नऊ जणांनीच सोट्यांनी ठार मारायचं. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालच्या गुलामांच्या बंडाच्या वेळी, इ.स.पू. ७१ च्या सुमारास, रोमन सेनापती क्रॅससने ही जुनी शिक्षा पुन्हा उकरून काढली. पुढे इंग्लंडात तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याने १६५५ मध्ये राजाच्या पक्षातल्या लोकांवर उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचा कर बसवला, तोही ‘डेसिमेशन’च. पण ‘मोठी हानी करणं’ हा अर्थसुद्धा त्याच सतराव्या शतकातला. तुम्ही खोडलीत ती चूक साडेतीनशे वर्षांची आहे!

उपटसुंभ:
बाईंची ओळ फ्रेम करून टेबलावर ठेवा. ‘नाइस’चं मूळ लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे अडाणी. कोणी ‘नाइस वर्क’ म्हणालं की लगेच भांडायला उठा.

सावली:
इंग्रजीपर्यंत कशाला जायचं? संस्कृतात ‘अपरोक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोरचं. आपण ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणतो ते नेमकं उलट, पाठीमागे या अर्थाने. ऐकणाऱ्याला कळतंही. (आमचे एक सर प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे. वर्गात कोणीही बदललं नाही.)

तरी डेसिमेट मीही खोडते. शेजारी आकडा आला की आधी खोडते: ‘चाळीस टक्के डेसिमेट’ वाचताना आतला दहा एकदम डोळ्यात खुपतो. ‘पूर्णपणे डेसिमेट’ही खटकतं, कारण या शब्दात बरंच काही गेलं तरी थोडं मागे उरतं. सगळंच गेलं असेल तर इंग्रजीत ‘वाइप्ड आउट’ आहे की. त्यामुळे काना_मात्रा, तुमची फुली कदाचित बरोबर असेल. टीप मात्र चुकली. रोमन सैनिक मोजण्याऐवजी पीक किती उरलं ते विचारायला हवं होतं.

काना_मात्रा:
विचारलं. अहवालात आकडा नव्हता, बाईंकडे होता: चौथाई पीक वाचलं. फुली मागे घेतली, टीपही. डिसेंबरबद्दल मी काही बोललो नाही.