नापोलीच्या मँडोलिनची तबली खचली आहे : दुरुस्तीला कोठून सुरुवात करावी?

गिरगावकर_नातू यांचा प्रश्न

माझ्या आजोबांचे मँडोलिन गेल्या महिन्यात माझ्याकडे आले. त्यांनी ते मुंबईतल्या एका गोमंतकीय शेजाऱ्याकडून घेतले होते, एवढेच घरात सांगितले जाते. पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी गोल असून शिसवीच्या २१ अरुंद पट्ट्या जोडून केलेली आहे. आतल्या चिठ्ठीवर ‘नापोली’ हा शब्द वाचता येतो. कारागिराचे नाव मात्र कसरीने खाल्ले आहे. लाकडी खुंट्यांऐवजी पितळी चाव्या आहेत आणि पडद्यांची पट्टी तबलीपासून (वाद्याच्या वरच्या लाकडी फळीपासून) थोडी उचललेली आहे.

नादछिद्र आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) यांच्यामधली तबली खचली आहे, तेथेच सुमारे ९ सेंटिमीटरची चीर गेली आहे आणि बाराव्या पडद्यावर तारा ४ मिलिमीटर उंच आहेत. दोन वर्षांपूर्वी एका दुकानदाराने नव्या तारा चढवून दिल्या आणि तारा उंच वाटतात म्हणून घोडी कानशीने घासली. आता दांडीच्या बुडाशी स्क्रू मारावा आणि चिरेत पांढरा गोंद भरावा, असे तो सुचवतो. मला हे पटत नाही. हे वाद्य मिरजेच्या सतार करणाऱ्यांकडे न्यावे, की सरळ इटलीला पाठवावे?

रंधा_आणि_पटाशी यांचे उत्तर

आज रात्री झोपण्यापूर्वी आठही तारा सैल कराव्यात. बाकी सारे नंतर. मग मायक्रोमीटरने सर्वांत बारीक तारेची जाडी मोजून येथे कळवावी.

यामागचे कारण सविस्तर सांगतो, कारण या वाद्याच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ तेथेच असते. नापोलीच्या मँडोलिनमध्ये घोडी तबलीवर नुसती टेकलेली असते, चिकटवलेली नसते. तारा तिच्यावरून जाऊन खालच्या कडेला अडकवलेल्या असतात. म्हणजे ताण जेवढा वाढेल तेवढी घोडी तबलीला खाली दाबते, आणि ही स्प्रूसची (एका सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची) तबली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असते. तिला बळ देण्यासाठी घोडीच्या लगेच मागे मोड दिलेली असते. बांधताना आतल्या बाजूने उथळ खाच घेऊन, लाकूड तापवून ही मोड काढतात. साधा पुठ्ठा वाकतो, पण त्यालाच एक घडी घातली की तो ताठ राहतो, तसाच हा प्रकार आहे. मोडीच्या पुढे, नादछिद्राच्या बाजूला, आडव्या पट्ट्या आतून आधार देतात. आपली तबली नेमकी तेथे खचली आहे, त्यामुळे एखादी आडपट्टी सुटली असावी असा माझा अंदाज आहे. बोटाच्या पेराने तबलीवर हलकेच टिचकी मारून पाहावी. सुटलेल्या जागी आवाज फुटका येतो.

आता हिशेब पाहा. या वाद्याची तार घोडीपासून वरच्या टोकापर्यंत साधारण ३३ सेंटिमीटर असते आणि तारांच्या चार जोड्यांपैकी पहिली जोडी व्हायोलिनप्रमाणेच वरच्या ‘ई’मध्ये लावतात. ०.२३ मिलिमीटर जाडीची पोलादी तार त्या स्वराला आणायला सुमारे सव्वासहा किलोचा ताण लागतो, ०.२८ मिलिमीटरची तार लावली तर तोच ताण सव्वानऊ किलोवर जातो, कारण तो जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तारांची संख्या आठ. अमेरिकन पद्धतीच्या, कोरीव कमानदार तबलीच्या मँडोलिनसाठी बनवलेला तारांचा संच आपल्याकडे सर्रास मिळतो आणि तोच गोल पाठीच्या वाद्यावर चढवला जातो. त्या वाद्यांची तबली हा भार सोसते. आपली सोसणार नाही.

म्हणून चीर हे लक्षण समजावे. आडपट्टी पुन्हा बसवण्याआधी चीर भरली, तर ती शेजारच्या रेषेवर पुन्हा फुटेल. आधी नादछिद्रातून आत छोटा टेकू देऊन तबली दररोज थोडी थोडी मूळ उंचीला आणावी, मग आडपट्टी चिकटवावी आणि शेवटी चिरेला आतून स्प्रूसची पातळ ठिगळे द्यावीत. ठिगळांचे तंतू चिरेला आडवे असावेत. आत हात जात नाही, म्हणून मी ठिगळ दाबून धरण्यासाठी एक चुंबक आतून आणि एक बाहेरून लावतो. दांडीच्या स्क्रूचा विषय तूर्त बाजूला ठेवावा. तबली वर आल्यावर आणि ताण उतरल्यावर दांडीचा कोन किती बिघडला आहे ते कळेल. कदाचित घासलेल्या घोडीच्या जागी नवी घोडी करणे एवढेच काम उरेल.

मिरजकर_तंबोरा यांचे उत्तर

आमच्या घरी तंबोरे होतात, म्हणून दोन शब्द लिहितो. आमच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा आनंद आहे, पण त्यामुळे मिरजेतल्या प्रत्येकाला मँडोलिन येते असे कोणी समजू नये. सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंद), चपडीचे पॉलिश आणि जडावकाम यांत आमचा हात बसलेला आहे. आपल्या कामात तो निश्चित उपयोगी पडेल. मात्र सतारीचे पडदे बांधलेले आणि सरकणारे असतात, स्वर कमीजास्त वाटला तर वादक पडदा हलवतो. मँडोलिनचे पडदे खाचेत कायमचे ठोकलेले असतात. ३३ सेंटिमीटरच्या तारेवर पहिला पडदा वरच्या टोकापासून साडेअठरा मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, साडेसोळा सेंटिमीटरवर यावा लागतो. तसेच आमच्यापैकी कोणी सवयीने घोडीला जवारी काढू लागले (तार झणझणावी म्हणून घोडीचा माथा रुंद, किंचित उतरता घासू लागले), तर हात जोडून थांबवावे. येथे तार घोडीच्या बारीक कडेवरून स्वच्छ सुटली पाहिजे.

पांढऱ्या गोंदाला माझाही विरोध आहे. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो, म्हणून पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला तोच जोड न फोडता उघडता येतो. तो थेट आचेवर ठेवू नये. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून सुमारे ६० अंशांवर पातळ करावा, उकळला तर त्याचा जोर जातो.

आणि हे काम पावसाळ्यात करू नये. दमट हवेत लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, चीर आपोआप मिटल्यासारखी दिसते आणि आपण फसतो; उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर हात घालावा.

रोमस्थ यांचे उत्तर

इटलीला पाठवण्यापूर्वी एक अडचण लक्षात घ्यावी. नादछिद्राखाली जी काळसर-पिवळी नक्षीदार चकती जडवलेली असते, ती जुन्या वाद्यांत पुष्कळदा खऱ्या कासवाच्या पाठीची असते. अशा कासवाच्या वस्तू देशाबाहेर नेण्या-आणण्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि भारतातही कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे वाद्य सीमाशुल्क विभागात अडकू शकते. ती खरी आहे की सेल्युलॉइडची, हे पाहण्यासाठी तापवलेली सुई लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. सेल्युलॉइड भडकन पेटते.

वाद्याच्या वयाबद्दल एवढे सांगता येईल की ते अठराव्या शतकातले नाही. त्या काळच्या नापोलीच्या मँडोलिनला लाकडी खुंट्या असत, पडद्यांची पट्टी तबलीच्या पातळीतच संपे आणि पहिली जोडी आतड्याच्या तारेची असे. पोलादी तारा, धातूच्या चाव्या आणि उचललेली, लांबवलेली पट्टी हे बदल एकोणिसाव्या शतकात नापोलीच्या विनाच्चा घराण्यातील पास्क्वाले याच्या नावाशी जोडले जातात. पुढे नापोलीत राफाएले कालाचे (१८६३–१९३४) आणि रोममध्ये लुइजी एम्बेर्गेर (१८५६–१९४३) यांनी हे वाद्य मैफलीच्या दर्जाला नेले. पण नापोलीतून साध्या बनावटीची वाद्येही परदेशी जात, तेव्हा चिठ्ठीवर मोहून जाऊ नये. पाठीच्या पट्ट्या पाहाव्यात. संत्र्याच्या फोडींप्रमाणे त्या दोन्ही टोकांना एकसारख्या निमुळत्या होत गेल्या असतील आणि सांध्यांत कोठे लुकण दिसत नसेल, तर कारागीर चांगला होता, मग त्याचे नाव काहीही असो.

गिरगावकर_नातू

सर्वांचा आभारी आहे. बारीक तार मोजली, ती ०.२८ मिलिमीटर निघाली. तारा सैल करून आज आठ दिवस झाले. मोजपट्टी आडवी धरून पाहिले तर तबलीचा खळगा सुमारे अर्ध्या मिलिमीटरने भरून आला आहे. टिचकीला आवाज नादछिद्राच्या खालच्या आडपट्टीच्या डाव्या टोकाशी फुटका येतो, उजवीकडे येत नाही. पट्ट्यांच्या सांध्यांत लुकण दिसले नाही. दिवाळीपर्यंत वाद्य कपाटात ठेवतो आणि तोवर टाकाऊ स्प्रूसच्या फळीवर सरस लावण्याचा सराव करतो.

रंधा_आणि_पटाशी

अर्धवट सुटलेली आडपट्टी उपटून काढू नये. सुटलेल्या डाव्या टोकातच पातळ पात्याने कोमट सरस सरकवावा आणि खालून टेकू देऊन पूर्ण एक दिवस दाबून ठेवावे. घासलेली जुनी घोडीही टाकू नये. नवी करताना तिच्या पायांचा आकार तबलीशी ताडून पाहायला ती लागेल.