ड्रिफ्टवुडचा रंग: सगळं पाणी उपसू नका

माशांच्या टाकीत ड्रिफ्टवुड (सजावटीचं लाकूड) ठेवल्यावर पाणी चहासारखं तपकिरी झालं, तर टाकी रिकामी करा, असं काहीजण सुचवतात. ते मात्र करू नका. रंग लाकडातून सुटणाऱ्या टॅनिन या नैसर्गिक द्रव्याचा आहे, माशांना त्याचा त्रास नाही. निऑन टेट्रा हे छोटे मासे तर मूळचे ॲमेझॉनच्या तसल्याच पाण्यातले. डोळ्यांना खुपत असेल तर लाकूड काढून मोठ्या पातेल्यात तास-दोन तास उकळा, गडद पाणी ओता, पुन्हा उकळा. मावत नसेल तर बादलीत भिजवा, रोज पाणी बदला (घरच्यांची बोलणी खावी लागतील, इलाज नाही). टाकीत आठवड्याला २५ टक्के पाणी बदला आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची (रंग शोषून घेणाऱ्या कोळशाची) पिशवी ठेवा. ती आधी नीट धुवा, नाहीतर काळी भुकटी टाकीभर पसरते. माशांना औषध चालू असेल तेव्हा कार्बन काढाच, तो औषधही शोषून घेतो.